जीवाणू वापरून पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड ओळखता येतं का? असे जीवाणू घरात आणणं सुरक्षित आहे का?

ओळखता येतं, आणि त्यासाठी जिवंत जीवाणू घरात आणावे लागत नाहीत. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडं खोलात सांगते.

फ्लोराइड जीवाणूंनाही विषारीच. ते पेशीबाहेर फेकणारं प्रथिन अनेक जीवाणूंकडे असतं, आणि ते कधी बनवायचं हे आरएनएचा एक छोटा तुकडा ठरवतो. २०१२ साली येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने हा 'रायबोस्विच' जगासमोर आणला. फ्लोराइड नसेल तर या आरएनएची घडी अशी पडते की पुढच्या जनुकाचं वाचन तिथेच थांबतं. फ्लोराइड येऊन बसलं की वाचन पुढे सरकतं. खरं तर आरएनए आणि फ्लोराइड दोन्ही ऋणभारित, म्हणजे एकमेकांना दूर लोटणारे. मॅग्नेशियमचे तीन आयन मध्ये पडून त्यांना एकत्र धरतात. इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

त्या पुढच्या जनुकाच्या जागी रंग देणारं जनुक जोडलं की झाला सेन्सर. अडचण एवढीच, की जिवंत ई. कोलाय फ्लोराइड सतत बाहेर फेकत राहतो. ते फेकणारं जनुक काढलं की पेशी कितीतरी संवेदनशील होते.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ज्युलियस लक्स यांच्या गटाने तर अख्खी पेशीच वगळली. जीवाणू फोडून आतली प्रथिनं बनवणारी सामग्री घेतली, त्यात हवा तो डीएनए घातला आणि मिश्रण गोठवून सुकवलं. त्यात पाणी टाकायचं. फ्लोराइड जास्त असेल तर पिवळा रंग येतो. कोस्टा रिकात इराझू ज्वालामुखीच्या परिसरातलं पाणी असं तपासलं गेलं. यात वाढणारं, पसरणारं काही नसतं.

मात्र ती चाचणी लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या मर्यादेसाठी होती. आपल्याकडचं मानक १, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणजे रंग आला नाही म्हणून पाणी निर्धास्त प्यावं, असं मी तरी सांगणार नाही.

तुमची बोअर यवतमाळ, चंद्रपूर, किनवट अशा भागात असेल तर नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. आटल्यामुळे प्रमाण वाढतंच. घरात आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर अजिबात थांबू नका, कारण त्याचे कायमचे दात याच वयात घडतात.