वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची मूर्ती हातात येताना

दरवर्षी शाडूचा गणपती घरीच घडवते. आता स्वतः कल्पिलेली पात्रं संगणकावर घडवून थ्रीडी प्रिंटरवर छापायची आहेत. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, नारायण पेठ

हात शाडूत बसलेला आहे, ही मोठी जमेची बाजू. ब्लेंडर घ्या. ते फुकट आहे आणि घडवण्यापासून छपाईची फाइल काढण्यापर्यंत सगळं त्यात होतं. घरात टॅबलेट असेल तर नोमॅड स्कल्प्ट हे ॲपही उत्तम. झीब्रश या सॉफ्टवेअरचं भाडं शिकायच्या काळात भरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र दाब ओळखणारा साधा, बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट घ्याच. माऊसला दाब कळत नाही, त्यामुळे क्ले स्ट्रिप्सचा ब्रश एकाच जाडीचे पट्टे ओढत राहतो.

पहिल्याच दिवशी एककं मिलिमीटरवर लावा आणि युनिट स्केल ०.००१ ठेवा. छपाईच्या एसटीएल फाइलमध्ये एकक साठवलेलं नसतं. स्लायसर (मूर्तीचे छपाईसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक आकडा मिलिमीटर समजतो, आणि दोन मीटर उंचीचं पात्र दोन मिलिमीटरचं ठिपकं होऊन उघडतं.

मग एक गोल घ्या, एक्स सिमेट्री (डावी-उजवी बाजू सारखी ठेवणारी सोय) चालू करा आणि फक्त ग्रॅब ब्रशने धड, डोकं, कंबर ओढून काढा. १५० मिमी उंचीच्या आकृतीला व्हॉक्सेलचं, म्हणजे आकृती ज्या बारीक ठोकळ्यांत मोजली जाते त्यांचं, माप आधी ३ मिमी ठेवा. ठेवण पटली की कंट्रोल-आरने रिमेश करत, म्हणजे पृष्ठभागाची जाळी नव्याने विणत, १ मिमी, मग ०.५, शेवटी ०.३ वर या. एवढ्यात तीन-चार लाख पृष्ठं होतात आणि तुमचा लॅपटॉप ती झेपवतो. ०.१५ च्या खाली त्याला ढकलू नका. इथे हमखास होणारी एक गडबड सांगतो : व्हॉक्सेलपेक्षा जवळ असलेले दोन पृष्ठभाग रिमेशमध्ये एकमेकांना चिकटतात. ओठ मिटतात, बोटं जुळून पंजा होतो. म्हणून तोंड किंचित उघडं आणि बोटं फाकलेली ठेवूनच घडवा, मिटवायची ती शेवटी.

शाडूला वजन असतं, तोल चुकला की मूर्ती कलते आणि चूक लगेच दिसते. पडद्यावर काहीच पडत नाही. त्यामुळे गळ्याच्या खळगीतून खाली ओळंबा धरल्यासारखी रेघ टाकून पाहा. एका पायावर भार असलेल्या आकृतीत ती त्या पायाच्या टाचेजवळ उतरली पाहिजे.

सरावासाठी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथला एखादा अडकित्ता किंवा दिवा तीन बाजूंनी वहीत रेखाटून आणा आणि तो घडवा. वस्तूची जाडी नजरेत बसते आणि पुढे पात्राच्या हातात काय द्यायचं तेही सुचतं.

वासुदेवावर बेतलेलं माझं एक पात्र टोपीसकट १५ सेंमी उंचीचं रेझिनमध्ये (प्रकाशाने कडक होणाऱ्या द्रवात) छापलं. मोरपिसांची टोकं आणि दोन बोटं सपोर्ट (छपाईपुरते दिलेले टेकू) काढतानाच तुटली. उरलेली मूर्ती रंगवून ठेवली, तर दीड महिन्याने पोटाला तडा गेला आणि त्यातून चिकट थेंब येतात. रेझिन खराब होतं का?
– एक वाचक, कोथरूड

रेझिनला दोष देऊ नका. दोन्ही दुखण्यांचं मूळ फाइलमध्ये आहे.

आधी तडा. मूर्ती पोकळ केली, पण आतलं ओलं रेझिन बाहेर यायला वाट ठेवली नाही, किंवा एकच बारीक भोक ठेवलं. ते रेझिन आत साचून राहिलं, हळूहळू भिंतीला आतून ताण देत गेलं आणि जिथे भिंत पातळ तिथे फुटलं. पोकळ मूर्तीची भिंत २ ते २.५ मिमी ठेवा आणि किमान दोन भोकं द्या, प्रत्येकी ३ ते ४ मिमीची. त्यातलं एक बिल्ड प्लेटच्या (मूर्ती जिला चिकटून छापली जाते तिच्या) बाजूच्या टोकाला हवंच. तिथून हवा आत गेली नाही, तर प्रत्येक थर उचलताना पोकळी रेझिनच्या टाकीच्या तळाच्या फिल्मला चोखून धरते, थर सोलवटतात, कधी मूर्तीच प्लेटवरून निसटते.

आत्ताची मूर्ती वाचेल. बैठकीच्या तळाला ३ मिमीचं भोक पाडा (हातमोजे घालून, खाली कागद पसरून), आतलं रेझिन निथळू द्या, सिरिंजने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) भरून हलवा आणि ओता. पाणीदार, न चिकटणारं आयपीए बाहेर येईपर्यंत हे करा. दिवसभर वाळू द्या. मग आतून प्रकाश द्यायचा : बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ४०५ नॅनोमीटरचा ५ मिमी एलईडी मागा. तो मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर १०० ओहमचा रेझिस्टर लावून चालतो. दोन बारीक तारांवर तो आत सोडा आणि जागा बदलत तासभर ठेवा. त्याच्याकडे थेट पाहू नका. शेवटी तडा त्याच रेझिनच्या थेंबाने भरून यूव्ही (अतिनील प्रकाश) द्या.

आता बोटं. टोपी वगळता तुमची आकृती साधारण १२ सेंमी, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याची. खरं बोट १५ मिमी जाड धरलं, तर तुमचं जेमतेम १.१ मिमी भरतं. सुट्या भागाला १ मिमी ही कडेलोटाची मर्यादा आहे. बोटं दीडपट जाड करा, डोळ्याला ते अजिबात खटकत नाही. टोपीतलं प्रत्येक पीस वेगळं घडवू नका. पूर्ण टोपी एक भरीव शंकू म्हणून उभी करा, त्यावर पिसांच्या रेघा ०.४ मिमी खोल कोरा आणि फक्त वरची ३ मिमी टोकं मोकळी सोडा, तीही मुळाशी जाड. ०.२ मिमीच्या रेघा प्रायमरखाली बुजतात. कमरेचा पावा अंगरख्यात अर्धा रुतवा. अंगरख्याच्या घेराची कड किमान १.५ मिमी हवी.

टोपी आणि चिपळ्यांचा हात वेगळे छापा. कापणी टोपीच्या कडेशी आणि अंगरख्याच्या बाहीशी घ्या, म्हणजे सांधा झाकला जातो. सांध्याची खुंटी टोकाकडे निमुळती करा आणि खाच तिच्यापेक्षा प्रत्येक बाजूला ०.१५ मिमी मोठी. धड ३० ते ४५ अंश मागे कलवून लावा, म्हणजे सपोर्टच्या खुणा पाठीवर जातात आणि चेहरा स्वच्छ राहतो. छापण्याआधी स्लायसरमध्ये थर एकेक वर सरकवत पाहा. अधांतरी उगवणारा ठिपका दिसला, की तिथे सपोर्ट हवाच. हनुवटी, कोपर आणि बोटांची टोकं इथे तो बहुतेक वेळा राहून जातो.

सपोर्ट काढायचे ते मूर्ती आयपीएने धुतल्यावर आणि यूव्ही देण्याआधी. मूर्ती ४५ अंशांच्या कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवा, सपोर्ट मऊ पडतात. ते ओढू नका, नेल कटरसारख्या कात्रीने मुळाशी कापा. तुमची बोटं बहुधा ओढण्यानेच गेली.

उन्हाळ्यात व्यवस्थित छापणारा प्रिंटर डिसेंबरपासून पहाटे अर्धवट प्रिंट देतो. सेटिंग तीच आहेत.
– एक वाचक, चिंचवड

थंडीमुळे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बाराच्या आसपास, कधी त्याखाली येतो. रेझिन २० अंशांखाली घट्ट होतं, उचललेल्या प्लेटखाली वेळेत भरत नाही आणि पहिले थर धरत नाहीत. बाटली घट्ट बंद करून ४० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, हलवा, मग ओता. शक्य असेल तर छपाई दुपारी लावा. पहिल्या पाच थरांचा प्रकाश ३० सेकंदांवरून ३५ वर न्या. बाकीच्या थरांना हात लावू नका, नाहीतर बारकावे फुगतात.

दोन खोल्यांच्या घरात लहान मूल आहे. रेझिन चालेल का? आणि वापरलेलं आयपीए कुठे टाकायचं?
– एक वाचक, हडपसर

मुलाला जाता न येणारी, खिडकी उघडी राहणारी वेगळी जागा असेल तरच. खिडक्या असलेली बंद बाल्कनी चालेल, स्वयंपाकघर किंवा झोपायची खोली नाही. ओलं रेझिन त्वचेला बाधतं आणि त्याची ॲलर्जी एकदा झाली की राहते. नायट्रिलचे हातमोजे दर वेळी बदला. अशी जागा नसेल तर पीएलए या प्लास्टिकच्या तारेवर चालणारा फिलामेंट प्रिंटर घ्या. त्यात ०.२ मिमीचा नोझल आणि ०.०८ मिमीचा थर ठेवून १५ सेंमीची मूर्ती चांगली निघते, वेळ मात्र बराच लागतो. पावसाळ्यात पीएलए दमट होऊन छापताना बारीक तंतू सोडतं. ते ४५-५० अंशांवर पाच तास वाळवून लावा.

आयपीए मोरीत ओतायचं नाही. पारदर्शक बरणीत, झाकण सैल ठेवून, विस्तवापासून लांब, गच्चीवर दोन दिवस उन्हात ठेवा. त्यातलं रेझिन घट्ट होऊन तळाला बसतं. वरचं आयपीए कागदी गाळणीतून गाळून पहिल्या धुण्याला पुन्हा वापरा, दुसरं धुणं नेहमी ताज्या आयपीएचं. तळाचा गाळ उन्हात पूर्ण कडक झाल्यावर कचऱ्यात टाका, त्याआधी नाही.