घरभेटीला निघण्याआधी

पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत (गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेत) आलास, बरं झालं. फ्रेडरिक ओझानाम आणि मित्रांनी १८३३ साली पॅरिसमध्ये ती सुरू केली, तेव्हापासून मुख्य काम एकच: गरजूंच्या घरी जाणं. हिशेब, अहवाल सध्या राहू दे.

- दोघांनी मिळून जायचं. आणि नागपूरच्या मे महिन्यात भरदुपारी कोणाचं दार वाजवू नकोस, बाप्पा!
- गेल्या गेल्या वही काढू नकोस. पाणी दिलं तर पी, ऐकून घे. बोलावलेलं असतं घरभाड्यासाठी. अर्ध्या तासाने कळतं की पैसा औषधांत चाललाय आणि पोराची फी थकली आहे.
- धर्म विचारायचा नाही. फोटो तर अजिबात नाही.

नव्यांची हमखास चूक म्हणजे कळवळून "होऊन जाईल" म्हणणं, नाहीतर खिशातून नोट काढून देणं. "मीटिंगमध्ये मांडतो" एवढंच म्हण.

आपण दिलेला किराणा महिन्यात संपतो. म्हणून विधवा किंवा निराधार बाई असेल तर संजय गांधी निराधार योजनेचं (सरकारच्या दरमहा अनुदानाचं) विचार. अर्ज तहसीलला जातो, गाडी बहुतेक उत्पन्नाच्या दाखल्यावर अडते. तेव्हा सोबत जा.