सोलर पंपाच्या पॅनलचा कोन : दोन शेतकऱ्यांचे प्रश्न

प्रश्न (निफाड तालुका) : ५ एचपीचा सोलर पंप आहे. पॅनल बांधाला धरून बसवले, त्यामुळे तोंड दक्षिणेऐवजी जरा आग्नेयेला गेलंय. डिसेंबरात उन्हाळ कांद्याला पाणी कमी पडतं. पाया उखडून पॅनल फिरवून घेऊ का?

उत्तर : पाया उखडू नका, दादा. दिशा वीस-पंचवीस अंश हुकली तरी वर्षाकाठी फार तर दोन-तीन टक्केच वीज जाते. उलट तुमचा पंप सकाळी थोडा लवकर पाणी उचलत असेल.

पॅनलच्या उताराकडे, म्हणजे ते आडव्यापासून किती अंश उचललेत त्याकडे, मात्र बघा. नाशिक २० अक्षांशावर आहे, म्हणून कोन बदलायचाच नसेल तर २० अंश ठीक. पण डिसेंबरात भर दुपारीही सूर्य माथ्यापासून ४३ अंश दक्षिणेला कललेला असतो. तेव्हा पॅनल ३५ अंशांवर उभे केले, तर दुपारचं थेट ऊन सात-आठ टक्के जास्त लागतं. कोनमापक नको, टेप पुरे. दोन मीटर लांब पॅनलची वरची कड खालच्या कडेपेक्षा ६८ सेंटिमीटर उंच असेल तर २० अंश, ११५ असेल तर ३५. स्ट्रक्चरला कोन बदलायची भोकं असतील तरच पाना हातात घ्या, तेही पंप बंद करून, दोघांनी. मार्चमध्ये पुन्हा खाली आणा. वळवाच्या वाऱ्यात उभं पॅनल म्हणजे होडीचं शीड.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पॅनलच्या दक्षिणेला शेवगा दिसतोय. मला तर तोच चोर वाटतो. जूनमध्ये दुपारी त्याची सावली बुंध्याशीच असते. डिसेंबरात मात्र दहा फुटी झाडाची सावली दुपारीही साडेनऊ फूट उत्तरेला जाते, सकाळी त्याहून लांब. पॅनल माळेसारखे जोडलेले असतात. एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी सगळ्या माळेची वीज उतरते. आधी शेवगा छाटा, मग पाना शोधा.

प्रश्न (दिंडोरी) : शेडच्या उत्तर उताराच्या पत्र्यावर पॅनल चालतील का?

उत्तर : नको. २० अंशांच्या उत्तर उतारावर डिसेंबरच्या दुपारी थेट ऊन दक्षिण उताराच्या निम्मंच लागतं. पूर्व किंवा पश्चिम उतार असेल तर चालवून घ्या. दिशा बघताना मोबाइलचं होकायंत्र पत्र्याजवळ धरू नका, लोखंडामुळे ते फसवतं. मोकळ्यात सरळ काठी रोवा. डिसेंबरात साडेबाराच्या सुमारास तिची सावली सगळ्यांत आखूड होते आणि ती नेमकी उत्तर दाखवते.