मोबाईल आणि सिनेमांवरून वाद घालण्यात काही अर्थ असतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: नवा फोन असो की गाजलेली मालिका, चर्चा सुरू झाली की चार वाक्यांत ती एकमेकांची अक्कल काढण्यावर येते. मग असे वाद घालण्यात काही अर्थ आहे का, आणि घालायचेच तर कसे?

अर्थ आहे. मला हे वाद मनापासून आवडतात. कंपनीने स्वतःहून कधीच सांगितली नसती अशी गोष्ट कधी कधी त्यांतूनच बाहेर येते. आयफोनच्या बॅटरीचं प्रकरण घ्या.

नवा फोन बाजारात आला की जुना मुद्दाम हळू केला जातो, असं म्हणणारे लोक कित्येक वर्षं होते. काहीतरीच काय, नवा हातात घेऊन पाहिला की जुना हळू वाटणारच, असं म्हणणारेही भरपूर होते. ठासून बोलण्यापलीकडे दोघांकडेही काही नव्हतं. मग डिसेंबर २०१७ मध्ये एकाने आपल्या आयफोन ६एसची बॅटरी बदलली आणि आधीचे व नंतरचे गीकबेंचचे (फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपचे) आकडे लोकांसमोर ठेवले. फोन तोच, बॅटरी फक्त नवी, आणि वेग बराच वाढलेला. ते पाहून गीकबेंचचे जॉन पूल यांनी आपल्याकडे जमलेले आकडे आयओएसच्या, म्हणजे आयफोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आवृत्त्यांप्रमाणे वेगळे करून आलेख काढले. आयओएस १०.२ वर बहुतेक फोन एकाच आकड्याभोवती गोळा झालेले होते. १०.२.१ पासून मात्र खालच्या बाजूला आणखी उंचवटे दिसायला लागले, म्हणजे फोनचे गटच्या गट ठरावीक कमी वेगावर अडकलेले. नुसता भास असता तर असे टप्पे पडले नसते. त्यानंतर दोनच दिवसांत ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या फोनमध्ये प्रोसेसरला, म्हणजे फोनचं काम चालवणाऱ्या चिपला, लगाम घातला जातो. पुढे कंपनीने माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला.

खरी मेख कारणात होती. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज देताना होणारा आतला अडथळा, वाढतो. प्रोसेसरने अचानक जास्त करंट मागितला की व्होल्टेज घसरतं आणि चार्जिंग शिल्लक असतानाही फोन फटकन बंद पडतो. ते टाळण्यासाठी सॉफ्टवेअरने वेगाची वरची मर्यादा खाली आणली होती. म्हणजे 'मुद्दाम हळू करतात' हे खरं ठरलं आणि 'तुमचा भास आहे' हे खोटं ठरलं. पण वेग कमी करण्यामागे एक तांत्रिक कारणही होतं, आणि ते दोन्ही बाजूंपैकी कोणाच्या डोक्यात फारसं नव्हतं. माझ्या मते कंपनीचा खरा दोष हे ग्राहकापासून लपवण्याचा होता. बॅटरी बदलली की काम भागतं हे माहीत असतं, तर कित्येकांनी नवा फोन घेतलाच नसता.

म्हणून वादात उतरण्यापूर्वी मी आधी बघतो की हे मोजता येण्यासारखं आहे का. असेल तर मोजून दाखवा, नाहीतर मोजायचं कसं ते तरी ठरवा. मेगापिक्सेलवरची भांडणं मला याच कारणासाठी पोकळ वाटतात. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीचा फोटो काढताना बहुतेक वेळा नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचंच चित्र देतो. गूगलने तर २०१७ च्या पिक्सेल २ पासून २०२० च्या पिक्सेल ५ पर्यंत मुख्य कॅमेरा साधारण १२ मेगापिक्सेलचाच ठेवला आणि तरी तो फोटोंसाठीच नावाजला गेला. सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) किती मोठा आणि मागचं सॉफ्टवेअर काय करतं, यावर बोला. फोटोंची तुलना करायची असेल तर फोनची नावं झाकून करा. नाव दिसलं की डोळे त्याच्याच बाजूने बघतात.

सिनेमा-मालिकांकडे वळलं की मामला जास्त रंगतो, कारण तिथे दोघं पुष्कळदा वेगवेगळी गोष्ट पाहून आलेले असतात आणि त्याचा पत्ता दोघांनाही नसतो. एप्रिल २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या पर्वाचा तिसरा भाग आला. जवळजवळ सगळा भाग म्हणजे रात्रीची लढाई. अर्धे लोक म्हणाले, काही दिसलंच नाही. अर्धे म्हणाले, असं छायाचित्रण टीव्हीवर कधी झालं नव्हतं. छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी सांगितलं की अंधार हेतुपूर्वक होता. त्यांच्या मते लोक टीव्हीचं सेटिंग नीट करत नाहीत आणि प्रसारणातल्या कॉम्प्रेशननेही, म्हणजे चित्राची माहिती दाबून लहान करण्यानेही, घोळ होतो. त्यावर लोक आणखी चिडले.

तांत्रिकदृष्ट्या वॅग्नर यांचं म्हणणं बरोबर होतं. कॉम्प्रेशन करताना काळ्याच्या जवळपासच्या छटांमधले बारीक फरक सहज गाळले जातात. मग सावली हळूहळू गडद होत जाण्याऐवजी तिचे चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे दिसतात. साध्या एलसीडी पडद्यात मागचा दिवा पूर्ण झाकला जात नाही, त्यामुळे काळा रंग करडा होतो. त्यात खोलीतला उजेड काचेवर पडला की उरलंसुरलंही गेलं. करून बघा: असाच एखादा अंधारा प्रसंग दिवसा, खिडकी उघडी ठेवून, टीव्हीच्या भडक रंगांच्या मोडमध्ये लावा. मग तोच रात्री दिवे बंद करून सिनेमा मोडमध्ये. दुसऱ्या वेळी घोड्यामागे उभी असलेली माणसंसुद्धा दिसतील. 'दिसलं नाही' म्हणणारा आणि 'अप्रतिम' म्हणणारा, दोघंही प्रामाणिक होते.

तरीही मी वॅग्नर यांच्या बाजूने पूर्णपणे जाणार नाही. जे घरोघरच्या पडद्यांवरच पाहिलं जाणार आहे, ते बनवताना त्या पडद्यांचा विचार करायलाच हवा. यावर वाद जरूर घाला. कलाकाराने सगळ्यात चांगल्या पडद्यासाठी बनवावं की सगळ्यात सामान्य? हा प्रश्न खरोखर खोल आहे, आणि 'तुझा टीव्ही फालतू' एवढ्यावर तो संपवला तर हातचा जातो.

कोणती आवृत्ती पाहिली, हेही विचारत चला. 'स्टार वॉर्स'च्या १९७७ च्या मूळ चित्रपटात हान सोलो हा नायकांपैकी एक, समोर बसलेल्या, त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोला सरळ गोळी घालून उडवतो. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत आधी ग्रीडो गोळी झाडतो. बदल क्षणभराचा आहे, पण त्याने माणूस बदलतो. मूळचा हान आधी स्वतःचा जीव बघणारा बेरकी तस्कर आहे, म्हणून शेवटी तो मित्रांसाठी परत येतो तेव्हा भिडतं. सुधारित आवृत्ती पाहून मोठ्या झालेल्याला हे तसं भिडत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मला मूळ आवृत्तीच बरोबर वाटते, आणि त्यासाठी मी कितीही वेळ भांडायला तयार आहे.

आता अक्कल काढण्याबद्दल. लोक इतके का तापतात, याचा एक जुना धागा १९५६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी केलेल्या प्रयोगात सापडतो. त्यांनी काही स्त्रियांना घरगुती वापराच्या उपकरणांना गुण द्यायला सांगितले, मग त्यांतल्या दोनांपैकी एक भेट म्हणून निवडायला दिलं, आणि नंतर पुन्हा गुण मागितले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, सोडलेलीचे घटले. वस्तूंमध्ये काहीच बदललं नव्हतं, फक्त निवड होऊन गेली होती. फोनवर तर आपण स्वतःचे पैसे घातलेले असतात, आणि मालिकेवर आयुष्यातली कित्येक वर्षं. कोणी त्यात खोट काढली की ती आपल्या निवडीत काढल्यासारखी लागते. माझ्या मते यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मनुष्यस्वभाव आहे. समोरचा तापला की मी हे आठवतो आणि आवाज चढवत नाही.

आवडीनिवडीच्या वादात मी गल्ल्याचे आकडे आणि रेटिंग बाजूला ठेवायला सांगतो, कारण सिनेमा किती चालला हे त्यावरून कळतं, कसा आहे ते नाही. त्याऐवजी एक प्रसंग सांगा, एक संवाद सांगा, तिथे नेमकं काय जमलं किंवा फसलं ते दाखवा. आणि वाद सुरू करण्याआधी मी समोरच्याला एक प्रश्न आवर्जून विचारतो: तुमच्या स्वतःच्या फोनचा, किंवा तुमच्या सगळ्यात लाडक्या मालिकेचा, सगळ्यात मोठा दोष कोणता? जो चटकन सांगतो, त्याच्याशी मी रात्रभर बोलेन. 'दोष नाहीच' म्हणणाऱ्याशी मी पुढे वाद घालत नाही.