मधुमक्याचे कणीस पूर्ण का भरत नाही?
भातकापणीनंतर रत्नागिरीत लावलेल्या मधुमक्याच्या कणसांत मध्येच दाण्यांच्या जागा रिकाम्या का दिसतात, असे आपण विचारले आहे. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो आणि ताटाच्या शेंड्यावरील तुऱ्यातील (नर फुलोऱ्यातील) पराग त्यावर पडला नाही, तर ती जागा रिकामीच राहते. पराग वाऱ्याने पसरत असल्याने, कुंपणाकडेने एकच लांब ओळ लावण्याऐवजी (आपल्याकडे ही सवय फार) किमान चार ओळींचा चौकोनी वाफा करावा आणि केस ताजे, चिकट असताना सकाळी दव ओसरल्यावर तुरे हलकेच हलवावेत. जांभ्याच्या जमिनीत ओल टिकत नाही. त्यामुळे तुरा आल्यापासून दाणे भरेपर्यंत पाण्याचा ताण मुळीच पडू देऊ नये. केस तपकिरी झाल्यावर दाण्यात नख रोवावे, दुधाळ रस उडाला की कणीस काढावे.