वाचकांचे प्रश्न : वॉर्डातील अपमान आणि तक्रारीची वाट

प्रश्न : मी वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षात आहे. सध्याच्या पोस्टिंगमध्ये एक वरिष्ठ अध्यापक राउंडच्या वेळी रुग्णांदेखत मला ‘तुझ्यासारख्यांनी या क्षेत्रात यायलाच नको होते’ असे सुनावतात. एकदा तर त्यांनी माझ्या हातातला केसपेपर हिसकावून भिरकावून दिला. माझे अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत. तक्रार करावी, की पोस्टिंग संपेपर्यंत गप्प बसावे?

उत्तर : तुमची भीती अनाठायी नाही. जो आपला छळ करतो तोच आपले मूल्यमापन करणार असेल, तर तक्रारीपूर्वी कोणीही दहादा विचार करील, आणि त्यात भित्रेपणा नाही. अवघड प्रश्न विचारणे किंवा निष्काळजीपणाबद्दल स्पष्ट समज देणे हा अध्यापनाचा भाग आहे. ‘रक्तातले पोटॅशियम वाढलेले असताना हे औषध चालू ठेवशील का?’ असे तीनदा, आवाज चढवून विचारले, तरी प्रश्न औषधाबद्दलच राहतो. शेरा उत्तरावरून माणसावर घसरला की अध्यापन संपते. तुम्ही लिहिलेले वाक्य आणि भिरकावलेला केसपेपर हे दोन्ही त्या रेषेपलीकडचे आहे.

हा अनुभव तुमच्या एकटीचा नाही. हेन्री सिल्व्हर या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९८२ मध्येच लिहिले होते की, उत्साहाने शिकायला आलेले वैद्यकीय विद्यार्थी पुढे छळ सोसलेल्या मुलांसारखे घाबरलेले, खचलेले दिसू लागतात. निरनिराळ्या देशांतील ५१ अभ्यासांचे २०१४ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा शिकाऊ डॉक्टरांपैकी सुमारे ५९ टक्क्यांनी शिक्षणाच्या काळात कधी ना कधी छळ किंवा भेदभाव सोसल्याचे आढळले. तरीही तक्रारी थोड्याच होतात. ‘एवढे काही मोठे नव्हते’, ‘करून काय उपयोग’ आणि ‘सूड उगवतील’ ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत.

तुम्ही आजच करण्यासारखे काम म्हणजे नोंद ठेवणे. तारीख, वेळ, वॉर्ड, उच्चारलेले नेमके शब्द आणि तिथे उपस्थित असलेली माणसे हे सर्व त्याच दिवशी लिहून काढा. ‘ते नेहमी ओरडतात’ या वाक्यापेक्षा अशा चार ओळी चौकशीत कितीतरी उपयोगी पडतात. रुग्णाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक मात्र त्यात येऊ देऊ नका, कारण रुग्णाची गोपनीयता मोडली तर मूळ प्रश्न बाजूला पडून तुम्हालाच जाब द्यावा लागेल.

त्यानंतर तुमच्या मूल्यमापनाशी कसलाही संबंध नसलेल्या अधिकाऱ्याला भेटा : विद्यार्थी कल्याण अधिकारी, तक्रार निवारण समितीचे सदस्य किंवा महाविद्यालयात असल्यास स्वतंत्र लोकपाल. भेटताच पहिला प्रश्न विचारा की, हे बोलणे तुमच्यापाशीच राहील, की ऐकल्यावर ते पुढे कळवणे तुम्हाला बंधनकारक आहे? गोपनीय तक्रार आणि निनावी तक्रार यांतही फरक असतो. पहिलीत चौकशी करणाऱ्याला तुमचे नाव ठाऊक असते, पण ते गरजेपलीकडे कोणाला कळवले जात नाही. दुसरीत नावच नसल्याने अधिक माहिती विचारता येत नाही आणि एका घटनेवरून कारवाई होणे अवघड जाते. अर्थात, एकाच व्यक्तीबद्दल अशा अनेक चिठ्ठ्या जमल्या तर त्यांचेही वजन पडते. तक्रार देतानाच तुमचे गुण दुसऱ्या अध्यापकाने द्यावेत, किंवा दिलेले गुण दुसऱ्याने तपासावेत, अशी लेखी मागणी करा. त्यानंतर कोणी डूख धरून त्रास दिला, तर तो स्वतंत्र तक्रारीचा विषय ठरतो आणि त्याचीही वेगळी नोंद ठेवायला हवी.

प्रश्न : मी विभागप्रमुख आहे. आमच्या एका चांगल्या शल्यचिकित्सकाबद्दल विद्यार्थ्यांकडून दुसऱ्यांदा तक्रार आली आहे. दोघांना समोरासमोर बसवून प्रकरण मिटवावे का?

उत्तर : कृपया तसे करू नका. ज्याच्या हाती गुण आहेत आणि ज्याला ते हवे आहेत, अशा दोघांना एका टेबलाशी बसवले की मिटते ते फक्त विद्यार्थ्याचे तोंड. लैंगिक छळ, मारहाण किंवा जातीधर्मावरून केलेला अवमान असेल, तर मध्यस्थीचा विचारही न करता प्रकरण रीतसर चौकशीकडेच गेले पाहिजे.

इतर बाबतींत अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेराल्ड हिक्सन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली चढत्या पायऱ्यांची पद्धत मला न्याय्य वाटते. एखाददुसऱ्या घटनेनंतर समकक्ष सहकारी संबंधिताशी खासगीत बोलतो. घटना वारंवार घडत असल्याचे दिसले तर ती माहिती पुढ्यात ठेवून जाणीव दिली जाते. त्यानेही फरक पडला नाही तर वरिष्ठ सुधारणेची योजना आखून देतात, आणि शेवटी शिस्तभंगाची कारवाई होते. तुमच्याकडे तक्रार दुसऱ्यांदा आली आहे, तेव्हा पहिल्या वेळी काय केले याची नोंद आधी शोधा. ती नसेल, तर नोंदीची व्यवस्था याच तक्रारीपासून सुरू करा. हातात कसब आहे म्हणून जिभेला सूट देता येत नाही.

नियमावली छापून भिंतीवर लावली म्हणजे काम झाले असेही समजू नका. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने धोरण, समिती, कार्यशाळा असे सर्व उपाय केले, तरी १९९६ ते २००८ या तेरा वर्षांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक विद्यार्थी गैरवर्तनाचा अनुभव सांगतच राहिले. तक्रारदाराला निकालाचा तपशील देता येत नसला, तरी तक्रार पोहोचली, तपासली गेली आणि त्यावर पाऊल उचलले गेले एवढे तरी ठरलेल्या मुदतीत लेखी कळवा. काहीच उत्तर न मिळालेला विद्यार्थी पुन्हा येत नाही, आणि आपल्या मागच्या तुकडीलाही ‘जाऊ नका’ असेच सांगतो.

प्रश्न : माझ्यासमोर मैत्रिणीचा अपमान झाला. ती तक्रार करायला तयार नाही. मी करू का?

उत्तर : आधी तिला एकांतात विचारा आणि तिचा नकार असेल तर तिचे नाव पुढे करू नका. मात्र तिला धोका असेल किंवा लैंगिक छळाचा प्रकार असेल, तर विश्वासातल्या अधिकाऱ्याशी तिची ओळख न सांगता लगेच बोला. तुम्ही जे प्रत्यक्ष पाहिले व ऐकले, ते तारखेसह लिहून ठेवा आणि ती नोंद तुमच्याकडे आहे हे तिला सांगा. उद्या तिने तक्रार करायचे ठरवले तर तुमची साक्ष उपयोगी पडेल.