टोचलं, पण उठलं का?

गेल्या अंकात ब्लड कॅन्सरवर जाता जाता दोन ओळी काय लिहिल्या, टपाल आणि व्हॉट्सॲप मिळून एवढी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये लशी आणि इन्फेक्शन कसं सांभाळायचं त्याला, दिलाय. डायबेटिसवाल्यांनी रागावू नये, त्यांचा नंबर पुढच्या वेळी. नावं छापत नाहीये, फक्त तालुका दिलाय, कारण आपल्याकडे गावाचं नाव आलं की घर ओळखायला लोकांना दोन मिनिटं पुरतात.

देवगड : डॉक्टर, नमस्कार. बाबा ६८ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी सीएलएल (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, औषध अजून काही नाही, नुसतं लक्ष ठेवूया म्हणालेत. कोविडच्या तीन लशी झाल्या आणि तरी अँटीबॉडी टेस्ट केली तर जवळजवळ शून्य! आता बाबा म्हणतात उगाच टोचून कशाला घ्यायचं, फ्लूची पण नको. गणपतीला मुंबईहून १४ माणसं येणार आहेत. काय करू?

बाबांना विचारा, लहानपणी देवीची लस टोचली होती ती उठली होती का. त्यांना बरोब्बर कळेल. तेव्हा टोचून झालं की आठवड्याभराने माणूस परत बघायला यायचा, फोड आला असेल तर "उठली", नसेल तर पुन्हा टोचायचे. माझ्या दंडावर अजून दोन वण आहेत. म्हणजे टोचणं वेगळं आणि उठणं वेगळं हे आपल्या आज्ज्यांना चांगलं ठाऊक होतं, आपणच विसरलो आणि सर्टिफिकेट आलं की काम झालं समजायला लागलो.

सीएलएलमध्ये नेमकं हेच होतं. अँटीबॉडी बनवायचं काम बी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचं आणि सीएलएल हा त्याच पेशींचा आजार. रिपोर्टात पांढऱ्या पेशी ६०-७० हजार दिसतात म्हणून घरचे म्हणतात अरे वा, फौज वाढली, पण ती सगळी बिनकामाची गर्दी असते, शिमग्याला गाव भरतं तशी, भातलावणीला त्यातला एकही उतरत नाही. त्यामुळे लस टोचली तरी उत्तर अर्धंमुर्धं येतं, काहींना येतच नाही, आणि हे औषध सुरू व्हायच्या आधीपासून असतं, यात बाबांची काही चूक नाही.

आता ते शून्य. ती टेस्ट फक्त अँटीबॉडी मोजते. शरीराकडे टी-पेशी म्हणून दुसरीही एक फळी असते, ती त्या टेस्टमध्ये दिसत नाही, त्यामुळे शून्य म्हणजे अगदीच उघडं पडलो असं नाही आणि ज्याचा आकडा चांगला आला त्यानेही बिनधास्त व्हायचं नाही. मी तर म्हणते ती टेस्ट घरच्या घरी ठरवून करूच नका, आकडा कसाही आला तरी माणूस चुकीचंच वागतो.

उलट नुसतं लक्ष ठेवायचा हा काळच लशींसाठी सगळ्यात बरा, कारण पुढे औषधं सुरू झाली की उत्तर आणखी कमी येतं. न्यूमोनियाची लस (आधी कॉन्जुगेट प्रकारची, मग गरज असेल तर जंतूच्या २३ प्रकारांवरची, ते कोणती मिळतेय त्यावर डॉक्टर ठरवतील), नागिणीची लस, आणि फ्लूची दरवर्षी. फ्लूचं एक लक्षात ठेवा, लोक ती थंडीत घेतात कारण इंटरनेटवर तसं लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे फ्लू पावसात जोर करतो, जुलै ते सप्टेंबर, म्हणजे बरोबर गणपतीच्या तोंडावर. तेव्हा आंबे उतरत असतानाच, मे-जूनमध्ये, नवीन सीझनची लस घ्यायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम त्या १४ जणांचं. बाबांची लस उठेल न उठेल, पण चाकरमान्यांची उठते ना! प्रत्येकाने निघायच्या निदान दोन आठवडे आधी फ्लूची लस घ्यायची. हे फोनवर सांगायला तुम्हाला अवघड वाटत असेल तर हे पान फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाका आणि खुशाल माझं नाव सांगा. ज्याला शिंका-खोकला आहे त्याने आल्या पावली मास्क लावायचा आणि दुसऱ्या घरी झोपायचं. आरतीला माजघरात तीस माणसं कोंबण्यापेक्षा बाबांना पडवीत खुर्ची द्या, तिथूनही टाळ वाजवता येतात. आणि एवढं करूनही ताप आलाच तर त्याच दिवशी फ्लू आणि कोविडची टेस्ट, कारण ओसेल्टॅमिव्हिरसारखं फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

बाबांना वारंवार छातीचं इन्फेक्शन होत असेल तर रक्तातलं आयजीजी (अँटीबॉडीचा मुख्य प्रकार) तपासायला सांगा. फारच कमी असेल तर दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन सलाइनमधून देतात, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार अँटीबॉडी उसन्या घ्यायच्या. महाग आहे आणि नुसता आकडा कमी आहे म्हणून देत नाहीत. (ते चालू असताना अँटीबॉडी टेस्ट करू नका, उसनवारीचाच आकडा दिसेल.)

राजापूर : आईला मायलोमा आहे, दर आठवड्याला बोर्टेझोमिब इंजेक्शन. रिपोर्टमध्ये प्रोटीन आणि आयजीजी दोन्ही जास्त आहेत, मग प्रतिकारशक्ती कमी कशी? आणि आमच्या शेजारच्या काकूंना नागीण झालीये, त्या मंत्र घालायला जातात, आईला पण होईल का?

पहिला प्रश्न फार चांगला विचारलात, भलेभले इथे गोंधळतात. मायलोमामध्ये एकाच प्लाझ्मा पेशीची (अँटीबॉडी बनवणारी पेशी ती) पिल्लावळ माजते आणि ती सगळी मिळून एकच ठरावीक प्रोटीन बनवत सुटतात. आकडा फुगतो तो त्याचा. खऱ्या उपयोगाच्या, वेगवेगळ्या जंतूंसाठीच्या अँटीबॉडी मात्र घटतात. घरात हजार किल्ल्या आहेत आणि सगळ्या एकाच हरवलेल्या कुलपाच्या, असं काहीतरी.

नागीण : ती आपल्याच अंगात लपलेली कांजिण्या. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की व्हायरस नसेत बसून राहतो आणि प्रतिकार पडला की त्याच नसेच्या वाटेने बाहेर येतो. बोर्टेझोमिबवर हा धोका वाढतो म्हणूनच आईला असायक्लोव्हिरची गोळी दिली असेल. नसेल तर विचारा, असेल तर ती "एवढी गोळ्यांची रास, ही एक कमी करू" म्हणून बंद करू नका, लोक नेमकी तीच बंद करतात. लशीबद्दल म्हणाल तर शिंग्रिक्स २०२३ पासून आपल्याकडे मिळते, ती जिवंत लस नाही त्यामुळे आईला चालते, दोन डोस, कधी घ्यायचे ते इंजेक्शनच्या कोर्सप्रमाणे डॉक्टर सांगतील.

काकूंच्या पुरळातलं पाणी सुकून खपल्या धरेपर्यंत आईने तिकडे जाऊ नये. मंत्राला माझी हरकत नाही, हरकत आहे ती उशिराला. वेढा पूर्ण झाला की माणूस जातो वगैरे खरं नाही, ती सहसा एकाच बाजूला नसेच्या पट्ट्यात राहते, पण गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या, आणि ते तीन दिवस काव लावण्यात आणि उतरवणाऱ्याची वाट बघण्यात निघून जातात. आईला एक जरी पुळी दिसली किंवा एका बाजूला कारण नसताना आग आग झाली तर त्याच दिवशी दाखवायचं.

दोडामार्ग : यजमानांना लिम्फोमा (लिम्फ गाठींचा कॅन्सर), सहा केमो झाल्या, आता दर दोन महिन्यांनी रिटुक्सिमॅब, दोन वर्षं चालणार. ते शेतात जातात, ऐकत नाहीत, "काय होऊचा नाय गो" म्हणतात. घरात तीन महिन्यांचा नातू आहे, त्याला पोलिओ डोस द्यावा का?

पोलिओची लस द्यायचीच, पण घरात असा पेशंट असेल तर तोंडातल्या थेंबांऐवजी इंजेक्शनची द्यावी. बाळाची एकही लस आजोबांसाठी चुकवायची नाही. कारण तोंडातून दिलेल्या पोलिओत जिवंत पण दुबळा केलेला व्हायरस असतो, तो पुढचे काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो, रोटाव्हायरसच्या लशीचंही तसंच. तेव्हा रोटाव्हायरसची लस दिली किंवा तोंडातला पोलिओ आधीच झाला असेल तर महिना-दीड महिना लंगोट बदलणं आजोबांकडे नको आणि बाकीच्यांनी साबणाने हात धुवायचे. (आजोबा खूश होतील बघा, आयतं कारण मिळालं.) तरी घरात असा पेशंट आहे हे डोस देणाऱ्या सिस्टरना आणि तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. स्वतः यजमानांना मात्र जिवंत लस कुठलीच चालत नाही, गोवराची एमएमआर, कांजिण्यांची, तोंडातला पोलिओ, काही नाही.

रिटुक्सिमॅब बी-पेशींनाच झाडून काढतं, चांगल्या आणि वाईट दोन्ही, म्हणून त्यावर असताना आणि शेवटच्या डोसनंतर साधारण सहा महिने लस फारशी उठत नाही. पण मग दोन वर्षं फ्लूची लस थांबवायची का, तर नाही, फ्लू आणि कोविडची ज्या त्या वेळी घेऊन टाकायची, जेवढं पदरात पडेल तेवढं. बाकीच्या लशी सहा महिन्यांचा हिशेब धरून डॉक्टर लावतील.

शेताचं मला जास्त काळजीचं वाटतं. आपल्याकडे लावणीच्या चिखलात उंदराच्या, गुरांच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप येतो, पायाला एक भेग असली तरी पुरते, आणि त्याची लस आपण माणसांना देत नाही, म्हणजे उठायचा न उठायचा प्रश्नच नाही. यंदा लावणी मजुरांवर सोडा. बांधावर उभं राहून ओरडायला परवानगी आहे, तेही गमबूट घालून. आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात, त्या यांनी स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. शेणखत उपसणं, बुरसटलेलं गवत-पेंढा झाडणं बंद, त्यातली बुरशी छातीत जाते आणि असल्या छातीतून ती सहज निघत नाही. आणि तुम्ही दोडामार्गच्या म्हणून सांगते, २०१६ मध्ये तुमच्याकडे माकडतापाची साथ आलेली विसरला नसाल. जानेवारी ते मे काजूच्या बागेत पाचोळ्यात बसायचं नाही, आल्यावर अंगावर गोचीड बघायची.

ऐकत नाहीत यावर माझ्याकडे औषध नाही. नातवाला पुढे करा.

गुहागर : मुलाला ल्युकेमिया, केमोचं मुंबईला चालू आहे, मधल्या दिवसांत घरी असतो. रात्री ताप आला तर इथे कोण? आधी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघितलं तर चालेल का?

नाही चालणार. बाकी काही वाचलं नाहीत तरी हे वाचा. केमोनंतर पांढऱ्या पेशी, त्यातल्या न्यूट्रोफिल, ५०० च्या खाली गेल्या की पू धरायलासुद्धा पेशी नसतात, त्यामुळे गळू नाही, कफ नाही, फक्त ताप, आणि त्या तापातून काही तासांत माणूस खलास होऊ शकतो. १००.४ फॅरनहाइट म्हणजे इमर्जन्सी. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, इन्फेक्शन तसंच राहतं आणि तुम्ही झोपी जाता. स्टेरॉइड चालू असेल तर तापच येत नाही कधी कधी, नुसती थंडी वाजते, मुलगा मलूल पडतो, तेही तेवढंच गंभीर धरायचं.

आत्ताच, ताप नसताना, तीन कामं उरका. मुंबईच्या डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घ्या, ताप आल्यास कुठलं ॲन्टिबायोटिक शिरेतून ताबडतोब द्यायचं त्याचं, कारण रात्रीच्या ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला विचारात पडायला लागू नये. गुहागरहून चिपळूण ४०-४५ किलोमीटर, तिथे रात्री सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) आणि शिरेतलं ॲन्टिबायोटिक दोन्ही कुठे मिळतं ते स्वतः जाऊन विचारून या, फोनवर सगळे हो म्हणतात. आणि गाडी कोणाची ते ठरवा, नाहीतर १०८. मुंबईलाच नेतो म्हणून रातोरात सहा-सात तास गाडीत काढू नका, आधी जवळ पहिला डोस, मग मुंबई.

वेंगुर्ला : मी ब्लड कॅन्सरची रोजची गोळी घेते. मासे बंद केलेत सगळ्यांनी माझे. सोलकढी पण. गुळवेलीचा काढा मात्र रोज पाजतात. गणपतीत काय खाऊ?

अरेरे. मासे खा! ताजे, पूर्ण शिजलेले, कडकडीत गरम. कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) अर्धवट वाफवलेल्या नकोत, खाऱ्या पाण्यातला एक जंतू असतो त्यात जो दुबळ्या माणसाला झपाट्याने गाठतो. मासे साफ करायचं काम दुसऱ्याला द्या, काटा टोचला की तोच जंतू हातातून जातो. सोलकढी उकळून कोमट केलेल्या पाण्यात, स्वच्छ हातांनी रस काढून, लगेच प्या, सकाळची संध्याकाळी नको. सगळं कच्चं बंद करून माणूस जास्त बरा राहतो असं काही दिसून आलेलं नाही, स्वच्छता पुरे, आणि न खाऊन वाळलात तर ते वेगळंच दुखणं.

काढा बंद करा. गुळवेलीने लिव्हर बिघडलेले पेशंट मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनीच कोविडच्या काळात नोंदवलेत, आणि प्रतिकार "वाढवायचा" म्हणजे नेमक्या कुठल्या पेशी वाढवायच्या हे काढ्याला कळत नाही.

एक मात्र तुम्ही विचारलं नाहीत. गोळीचं नाव पत्रात नाहीये. ती इब्रुटिनिब किंवा वेनेटोक्लॅक्स असेल तर पपनस खायचं नाही, ग्रेपफ्रूटच्या जातीचं आहे ते, त्याने गोळी रक्तात नको तेवढी साठते. वेनेटोक्लॅक्सवर ते पाच धारांचं आंबट करमळसुद्धा नको. माटवीला (गणपतीच्या डोक्यावर फळं बांधतात ती चौकट) बांधा दोन्ही, हवी तेवढी, विसर्जनानंतर उतरवून शेजारी वाटून टाका, आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो मला पाठवा.